रंगवायचं कशात?

क्षयरोगाच्या थुंकी-तपासणी केंद्रात पाळला जाणारा एक नियम नवख्या टेक्निशियनला पहिल्या दिवशी कोड्यात टाकतो. ऊती-तपासणीच्या खोलीत खाचांच्या बरण्या रांगेनं मांडलेल्या त्यानं पाहिलेल्या असतात. पाच-पाच स्लाईड त्यांत उभ्या करायच्या, झाकण लावायचं, घड्याळ बघायचं आणि वेळ झाली की पुढच्या बरणीत हलवायच्या. काम सुटसुटीत होतं आणि तोच रंग पुन्हा पुन्हा वापरता येतो. थुंकीच्या स्लाईडना मात्र ही सोय नाही. त्या सिंकवरच्या दोन दांड्यांवर आडव्या, एकमेकींना न टेकता मांडायच्या आणि प्रत्येकीवर रंग स्वतंत्र ओतायचा. बरणीत बुडवायच्या नाहीत, मग सकाळपासून कितीही नमुने येऊन पडलेले असोत.

कारण असं की, थुंकीचा लेप पसरून, वाळवून, ज्योतीवरून फिरवून पक्का केला तरी तो काचेवर पूर्ण धरून राहत नाही. धुताना, आम्ल ओतताना त्याचे बारीक कण सुटतात. ज्या रुग्णाच्या थुंकीत जंतूंचा सुळसुळाट आहे त्याच्या लेपातून सुटणाऱ्या कणांत जंतूही असतात. बरणीतल्या रंगात ते तरंगत राहतात आणि मागून आलेल्या निरोगी माणसाच्या स्लाईडवर जाऊन बसतात. क्षयाच्या जंतूचं आवरण मेणचट असतं. त्यानं एकदा कार्बोल फुक्सिनचा लाल रंग धरला की २५ टक्के सल्फ्युरिक आम्लानंही तो सुटत नाही. याच गुणावर सगळी तपासणी उभी आहे. आणि दुसऱ्याच्या थुंकीतून आलेला जंतूही तितकाच लाल दिसतो. तो मूळचा की बाहेरून आलेला, हे पाहून सांगण्याचा कोणताही उपाय तपासणाऱ्याकडे नसतो.

आता अहवालाची पद्धत पाहावी. ऑइल इमर्शन भिंगाखाली १०० क्षेत्रं तपासून त्यांत १ ते ९ जंतू सापडले तर 'स्कँटी' अशी नोंद आकड्यासह करतात. म्हणजे शंभर ठिकाणी शोधून हाती लागलेल्या चार-पाच लाल काड्यांना इथं अर्थ आहे. त्या चार-पाच काड्या शेजारच्या स्लाईडवरून आलेल्या असतील, तर ज्याला क्षय नाही अशा माणसाला साधारण सहा महिने औषधं घ्यावी लागतील, घरातल्या सगळ्यांची तपासणी होईल, आणि त्याच्या खोकल्याचं खरं कारण तसंच राहून जाईल. म्हणून क्षयाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांनी रंगवण्याच्या बरण्यांना साफ मनाई केली आहे. तेलाच्या ड्रॉपरचं टोकही स्लाईडला टेकवू देत नाहीत. थेंब वरून सोडायचा, कारण टेकलेलं टोक एका लेपातले जंतू उचलून पुढच्या लेपावर ठेवू शकतं.

दांड्यांवरचं हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. नंबराची बाजू एकाच दिशेला ठेवून स्लाईड लावल्या जातात. गाळलेला कार्बोल फुक्सिन काठापासून काठापर्यंत पसरवला जातो. मग खालून स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हळूहळू फिरवायची, रंगातून वाफ उठेपर्यंत. उकळी फुटता कामा नये, कारण उकळी लेप उचकटते आणि रंगाचे खडे बनवते. वाफ दिसली की ज्योत बाजूला करून पाच मिनिटं थांबायचं. या पाच मिनिटांत एखादी स्लाईड सुकायला लागली तर तिच्यावर आणखी रंग सोडायचा. नंतर चिमट्यानं एकेक स्लाईड तिरकी करून रंग सिंकमध्ये जाऊ द्यायचा आणि पाण्याची हलकी धार सोडायची. प्रत्येक स्लाईडचं पाणी तिच्याच खालून निघून जातं. रंग जास्त खर्च होतो, हात रंगतात, सिंक कायमची लालनिळी होते. या तपासणीत तो खर्च करावाच लागतो.

प्रयोगशाळेसाठी भांडी निवडताना बहुतेक जण आकार आणि किंमत पाहून सुरुवात करतात. खरं तर आधी हे ठरवायला हवं की या स्लाईडनं दुसऱ्या स्लाईडच्या द्रवात उतरलं तर चालेल का. ते ठरलं की द्रव कोणता, तो तापवायचा का, आणि भांड्याचा त्या द्रवाशी काही संबंध येतो का, या गोष्टी ओळीनं येतात. भांडं म्हणजे रंगाच्या कृतीबाहेरची वस्तू, अशी समजूत अनेक पाठ्यपुस्तकांच्या मांडणीमुळे होते. रसायनांची यादी ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये दिलेली असते आणि भांड्याबद्दल अवाक्षर नसतं.

सुरुवातीच्या काळात भांडं म्हणजे घड्याळकाच होती, उथळ बशीसारखी गोल काच. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांची रंगवण्याची पद्धत अतिशय संथ होती. अल्कली घातलेल्या मिथिलीन ब्लूमध्ये नमुना सुमारे चोवीस तास ठेवावा लागे. त्या काळी लेप बहुधा पातळ कव्हरकाचेवर घेत आणि ती काच रंगावर तरंगती ठेवत. एका वेळी दोन-चार नमुने हाताळणाऱ्या संशोधकाला घड्याळकाच पुरत होती. पुढच्या दोन वर्षांत एर्लिख, त्सील आणि नेल्सन यांच्या सुधारणांनी वेळ मिनिटांवर आला, रुग्णालयांतून नमुन्यांचा ओघ सुरू झाला, आणि घड्याळकाचेची मर्यादा उघडी पडली. ओघ वाढला की भांडं बदलतं, हे पुढेही वारंवार घडलं.

फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवणारे डब्ल्यू. एम. लेट कोपलिन यांचं नाव ज्या बरणीला चिकटलं ती याच ओघातली. स्लाईडचं माप तोवर स्थिरावत आलं होतं. आजही ते सुमारे ७५ बाय २५ मिलिमीटर आणि जाडी एक मिलिमीटरच्या आसपास आहे. कोपलिन जार हे या मापाभोवती घडवलेलं काचेचं उभं भांडं. आत समोरासमोरच्या भिंतींवर उभ्या खाचा, प्रत्येक खाचेत एक स्लाईड, मधून द्रव मोकळा फिरेल एवढी फट. पाच स्लाईड सरळ बसतात. पाठीला पाठ लावून बसवल्या तर दहा. द्रव लागतो साधारण ५० मिलिलिटर.

या साध्या दिसणाऱ्या रचनेत बराच विचार आहे. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटल्या की मधला द्रव तिथंच अडकतो, नवा आत जात नाही आणि मधोमध फिकट पट्टा उरतो. खाचांमुळे ते टळतं. स्लाईड उभी असल्यानं रंगातला गाळ तिच्यावर न बसता तळाशी जातो. खरखरीत टोक द्रवाच्या वर राहतं, म्हणून चिमट्याला धरायला कोरडी जागा मिळते आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेला नंबर टिकतो. (शाईनं लिहिलेला नंबर अल्कोहोल किंवा झायलीनमध्ये धुऊन जातो. हा धडा प्रत्येक प्रयोगशाळा कधी ना कधी शिकते.) एक सवय मात्र कर्मचाऱ्याला लावून घ्यावी लागते ती म्हणजे सगळ्या स्लाईडची नमुन्याची बाजू ठरलेल्या दिशेला ठेवण्याची. ओल्या काचेवर पातळ लेप कोणत्या बाजूला आहे हे नेहमी दिसत नाही, आणि पुसताना उलटी बाजू पुसली गेली की नमुना कापडावर येतो.

हेलेनडाल आणि शीफरडेकर या नावांच्या बरण्याही अनेक कॅटलॉगमध्ये असतात. त्या कोपलिनच्याच कुळातल्या, जास्त स्लाईड मावणाऱ्या. त्याहून मोठं काम असेल तर आयताकृती डबा आणि त्यात उचलून ठेवायची जाळी. वीस-चोवीस स्लाईड एका दांडीला धरून एका डब्यातून दुसऱ्यात जातात.

ही सोय कुठं लागते हे ऊती-तपासणीत कळतं. मेणात बसवलेल्या ऊतीचा तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा काप स्लाईडवर आला की आधी झायलीननं मेण काढायचं, मग उतरत्या क्रमानं अल्कोहोल, पाणी, हिमॅटॉक्सिलिन, पुन्हा पाणी, आम्लयुक्त अल्कोहोल, निळाई आणणारं पाणी, इओसिन, चढत्या क्रमानं अल्कोहोल आणि शेवटी पुन्हा झायलीन. डझनाहून अधिक भांडी ओळीनं लागतात. इथं एकेक स्लाईड चिमट्यानं हलवणं म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या स्लाईडच्या वेळेत फरक पाडणं. जाळी सगळ्यांना एकाच क्षणी आत नेते आणि एकाच क्षणी बाहेर काढते.

पण जाळी आपल्याबरोबर आधीच्या डब्यातला द्रवही नेते. जितके कोपरे, जितक्या दांड्या, तितका तो जास्त. शेवटच्या अल्कोहोलमध्ये असं थेंबाथेंबानं पाणी साठत गेलं की एके दिवशी पुढच्या डब्यातलं झायलीन दुधाळ दिसतं. स्लाईडवर कव्हरकाच लावल्यावर ऊती धुक्यातून पाहिल्यासारखी दिसते आणि दोष रंगाला दिला जातो. उपाय साधा आहे: जाळी बाहेर काढून काही सेकंद तिरकी धरायची, एक कोपरा टिपकागदाला टेकवायचा आणि मग पुढे जायचं. अल्कोहोलचे आणि झायलीनचे डबे क्रमानं बदलत राहायचे. सगळ्यात मळलेला फेकायचा, बाकीचे एकेक घर मागे सरकवायचे आणि ताजा द्रव शेवटच्या जागी ठेवायचा.

द्रव किती लागतो याचा हिशोब भांड्यांची निवड बरीच सोपी करतो. कोपलिन जारमध्ये पाच स्लाईडना ५० मिलिलिटर, म्हणजे दर स्लाईडला १०. चोवीस स्लाईडच्या डब्यात साधारण २५० मिलिलिटर, म्हणजे पुन्हा जवळपास तेवढेच. मोठं भांडं घेतल्यानं दर स्लाईडचा द्रव वाचत नाही, वाचतो तो वेळ. द्रव वाचवायचा तर कोपलिनमध्ये दहा स्लाईड बसवाव्यात, दर स्लाईडला पाच. त्याहून कमी हवं असेल तर टपालानं स्लाईड पाठवण्याची प्लास्टिकची डबी उपयोगी पडते. पाच स्लाईड मावणाऱ्या या डबीला आत खाचा असतात आणि वीसेक मिलिलिटरमध्ये स्लाईड बुडतात. महाग अभिकर्मक वापरणाऱ्या अनेक संशोधकांनी तिला छोट्या कोपलिन जारसारखं कामाला लावलं आहे. आडव्या स्लाईडवर थेट ओतलेला रंग एक-दोन मिलिलिटर पुरतो. आणि प्रतिपिंडांच्या साहाय्यानं ठरावीक प्रथिनं शोधायची असतील, तर १०० ते २०० मायक्रोलिटरवर भागतं, कारण प्रतिपिंडांची छोटी कुपीही महाग असते. ती बरणीत ओतून वाटेल तितक्या स्लाईड बुडवण्याचा विचारही कोणी करत नाही.

मात्र इतका थोडा द्रव कोरडा पडायला वेळ लागत नाही, आणि अर्धवट सुकलेल्या ऊतीवर प्रतिपिंडं काठाकाठानं गडद चिकटतात. म्हणून तिथं भांडं म्हणजे दमट पेटी. झाकणाची सपाट डबी, तळाशी ओला टिश्यूपेपर, त्यावर समांतर ठेवलेल्या दोन काचनळ्या आणि नळ्यांवर आडव्या स्लाईड. ऊतीभोवती मेणचट पेननं रेघ ओढलेली असते, त्यामुळे थेंब रेघेच्या आतच थबकतो. पेटी टेबलावर सपाट बसली नाही तर थेंब एका बाजूला सरकतो आणि अर्धी ऊती रंगावाचून राहते. तयार पेट्या बाजारात मिळतात. जेवणाच्या घट्ट झाकणाच्या चपट्या डब्यानंही काम उत्तम होतं.

भांडं कशाचं, हा प्रश्न झायलीन फार झपाट्यानं सोडवतं. स्वस्त पारदर्शक प्लास्टिक बहुधा पॉलिस्टायरीन असतं आणि झायलीन त्याला विरघळवतं. आधी भिंत धुरकट होते, मग चिकट लागते, मग तिचा आकार जातो. पॉलिकार्बोनेटही टिकत नाही. पॉलिप्रॉपिलीन पाणी, अल्कोहोल आणि बहुतेक आम्लं बिनतक्रार सोसतं, पण झायलीनमध्ये दीर्घकाळ ठेवलं तर फुगतं आणि झाकण बसेनासं होतं. रंगवण्याचे पांढरे अपारदर्शक डबे अनेकदा ॲसिटल नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते झायलीनला दाद देत नाहीत, पण तीव्र आम्लापुढे टिकत नाहीत. म्हणजे झायलीनला योग्य असलेला डबा आम्लाला अयोग्य आणि आम्लाचा डबा झायलीनला अयोग्य, असं वारंवार होतं. दुकानदाराला 'प्लास्टिकचा जार' एवढंच सांगून चालत नाही, प्लास्टिकचं नाव विचारावं लागतं. तळाशी कोरलेली खूण वाचण्याची सवय असलेला कर्मचारी प्रयोगशाळेचे बरेच पैसे वाचवतो.

प्लास्टिकची दुसरी खोड म्हणजे ते रंग पितं. क्रिस्टल व्हायोलेट, कार्बोल फुक्सिन, चरबी दाखवणारे तेलात विरघळणारे रंग भिंतीत मुरतात आणि पुढच्या द्रवात हळूहळू उतरतात. काचेवरचे डाग आम्लयुक्त अल्कोहोलनं किंवा मिथेनॉलनं निघून जातात. या एका कारणासाठी, पडून फुटण्याचा धोका पत्करूनही, रंगाची भांडी काचेची आणि पाण्याची, धुण्याची भांडी प्लास्टिकची, अशी वाटणी शहाणपणाची ठरते.

काच म्हटली की ती तापवता येते, असा समज मात्र महागात पडतो. साच्यात ओतून केलेल्या पुष्कळ कोपलिन जार साध्या सोडा-लाइम काचेच्या असतात. तापमान वाढलं की ही काच बोरोसिलिकेट काचेच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. भिंत जाड, खाचांपाशी आणखी जाड. गरम द्रव ओतला की आतली बाजू प्रसरण पावते, बाहेरची गार राहते आणि तळ गोल चकतीसारखा सुटून येतो. गरम पद्धतीत जार आधी गार पाण्याच्या टाकीत ठेवून पाण्याबरोबर तापू द्यावी लागते आणि उतरवल्यावर थेट ओल्या ओट्यावर न ठेवता घडी घातलेल्या कापडावर ठेवावी लागते.

चांदीच्या रंगात हे सगळं एकत्र येतं. ग्रोकॉट यांची १९५५ सालची मिथेनामाइन सिल्व्हर पद्धत बुरशीच्या पेशीभित्ती काळ्या करून दाखवते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा नाका-सायनसमधल्या ऊतींच्या तपासणीत अशा विशेष रंगांची गरज पुष्कळांना नव्यानं जाणवली. या पद्धतीत स्लाईड चांदीच्या द्रावणात सुमारे ६० अंशांना ठेवतात, आणि द्रावणातली चांदी बुरशीच्या भिंतीवर धातू बनून बसते. पण तिला बसायला दुसरी जागा मिळाली तर ती तिथंही बसते. भांड्यावर आधीच्या वेळचा कण राहिला असेल, स्टीलचा चिमटा द्रावणाला लागला असेल, स्लाईड धातूच्या जाळीत असेल, तर चांदी तिथं जमते, द्रावण काळवंडतं आणि ऊतीवर काळी रेती पडते. गोल काळा ठिपका बुरशीचा बीजाणू की चांदीचा गाळ, असा प्रश्न पडणारी स्लाईड रुग्णाच्या उपयोगाची नाही. म्हणून काच आम्लानं धुऊन ऊर्ध्वपातित पाण्यात खंगाळतात, चिमटा प्लास्टिकचा किंवा टोकांना मेण लावलेला वापरतात, आणि चांदीच्या बरण्या दुसऱ्या कोणत्याही कामाला देत नाहीत.

लोहाची तपासणी याहून फसवी. माक्स पेर्ल्स यांची १८६७ सालची पद्धत ऊतीतलं लोह गर्द निळं दाखवते. अस्थिमज्जेत लोहसाठा किती आहे हे पाहायला ती आजही वापरतात. द्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. लोखंडी जाळीला गंजाचा एक ठिपका असला, किंवा नळाच्या पाण्यातून गंज आला, तर आम्ल तो विरघळवतं आणि निळा रंग तिथंच उगवतो. लोहाची कमतरता असलेल्या रुग्णाच्या स्लाईडवर असे निळे कण विखुरलेले दिसले तर अहवाल उलटा जाऊ शकतो. अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ कण ऊतीच्या पातळीत आहेत की वर तरंगताहेत हे फोकस हलवून पाहतात. पण कण पडूच नयेत यासाठी इथं धातू पूर्ण वर्ज्य ठेवलेला बरा.

धातू वर्ज्य असलेल्या याच खोलीत स्टीलचा प्रेशर कुकरही मानानं बसलेला असतो, ही गोष्ट पाहुण्यांना विसंगत वाटते. १९९१ मध्ये शान-रोंग शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फॉर्मेलिननं झाकून टाकलेली प्रथिनं स्लाईड द्रावणात तापवून पुन्हा उघड करता येतात. त्यांनी मायक्रोवेव्ह वापरला होता. पुढे प्रेशर कुकरनंही तेच काम होतं हे दिसून आलं, आणि भारतात तर कुकर कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. सायट्रेट बफर, सामू ६, शिटीच्या दाबाखाली १२० अंशांच्या आसपास तापमान आणि मोजकी मिनिटं. तिथं चांदी नाही, त्यामुळे स्टीलचा त्रास नाही. मायक्रोवेव्ह असेल तर मात्र धातूची जाळी चालत नाही. तिथं पॉलिप्रॉपिलीनची जार, झाकण सैल ठेवून. उकळत्या बफरमध्ये काप काचेवरून सुटू नयेत म्हणून स्लाईडवर आधीच चिकट लेप दिलेला असावा लागतो. नाही तर ऊती भांड्याच्या तळाशी सापडते.

रक्ताच्या स्लाईडकडे वळलं की द्रावक कोणता यावर भांडं ठरतं, हे अगदी स्वच्छ दिसतं. लीशमनचा रंग मिथेनॉलमध्ये असतो. मिथेनॉल भराभर उडतं आणि हवेतली ओल शोषतं. त्यामुळे उघड्या बरणीत हा रंग घट्ट होत जातो, गाळ धरतो. म्हणून बहुतेक ठिकाणी तो दांड्यांवर आडव्या ठेवलेल्या स्लाईडवर ओततात, काही वेळानं त्यावर बफरचं पाणी मिसळतात आणि शेवटी रंग ओतून न देता पाण्याच्या धारेनं वाहवून लावतात. ओतून दिला तर वर आलेली धातूसारखी चमकणारी साय लेपावर उतरते आणि तिचे जांभळे ठिपके प्लेटलेट किंवा परजीवी असल्याचा भास देतात. आडव्या स्लाईडचा हा कायमचा धोका आहे. हिवतापासाठी जिम्सा रंग वापरताना काही ठिकाणी वाकडा पृष्ठभाग असलेली पट्टी असते, तिच्यावर स्लाईड तोंड खाली करून ठेवतात आणि रंग मधल्या फटीत सोडतात. गाळ पट्टीवर पडतो, रक्त वर राहतं.

या बाबतीत भारतातली एक कामगिरी आवर्जून सांगण्यासारखी आहे. मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडियातले जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४०च्या दशकात हिवतापासाठी एक जलद रंग तयार केला. त्यांच्या आद्याक्षरांवरून तो जेएसबी म्हणून ओळखला जातो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून मिथेनॉलच्या रंगासारखा उडून जात नाही. एका बरणीत निळा, एकीत इओसिन, मध्ये धुण्याच्या पाण्याची बरणी. स्लाईड बुडवायच्या, काढायच्या, पुढे जायचं, सगळं सेकंदांच्या हिशोबात. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन तापाच्या रुग्णांचं रक्त स्लाईडवर घेऊ लागले आणि प्रयोगशाळांत स्लाईडचे गठ्ठे येऊन पडू लागले. एकेका स्लाईडवर रंग ओतत बसणं तिथं अशक्यच होतं. पाण्यातला रंग आणि बरणी यांची जोडी जमली म्हणून ते काम उरकलं. जाड थेंबाची स्लाईड मात्र आधी मिथेनॉलच्या बरणीत जाता कामा नये. मिथेनॉल रक्त पक्कं करतं, मग पाण्यानं तांबड्या पेशी फुटून जात नाहीत आणि परजीवी त्या थराखाली दडलेला राहतो.

दुसऱ्याच्या पेशी उचलून आणण्याचा प्रश्न पेशीतपासणीतही आहे, जरा वेगळ्या रूपात. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगपद्धतीत गर्भाशयमुखाचा लेप सुकण्याआधीच अल्कोहोलमध्ये बुडवावा लागतो. बाह्यरुग्ण विभागात एकाच बरणीत तीन-चार बायकांच्या स्लाईड पडतात. त्या चिकटू नयेत म्हणून पूर्वीपासून एक युक्ती चालत आली आहे. एकाआड एक स्लाईडच्या टोकाला कागदाची क्लिप लावायची, म्हणजे मध्ये फट राहते. खाचांची बरणी दिली तर क्लिपची गरज उरत नाही.

खरी काळजी पोटातल्या किंवा छातीतल्या पाण्याच्या नमुन्यांची. त्यात कर्करोगाच्या पेशी असतील तर त्या झुबक्यांनी असतात, काचेला नीट धरत नाहीत आणि रंगाच्या भांड्यात गळतात. मागून आलेल्या एखाद्या निकोप लेपावर असा एक झुबका बसला की ती स्लाईड सांगते त्या बाईला कर्करोग आहे. आलेल्या पेशी बहुधा इतरांपेक्षा वरच्या पातळीवर दिसतात. तपासणारा डोळा तयार असेल तर पकडतो. तरीही शरीरातल्या पाण्याचे नमुने वेगळ्या भांड्यांत आणि सगळ्यांत शेवटी रंगवावेत, पेशींनी गच्च भरलेला नमुना स्वतंत्र कोपलिन जारमध्ये घ्यावा, रंग रोज गाळावेत, ही शिस्त मोठ्या स्वयंचलित यंत्रांच्या काळातही टिकली आहे. डब्यांतून जाळ्या फिरवणारं यंत्र हात बदलतं, भांड्यातला द्रव सामाईकच राहतो. प्रत्येक स्लाईडवर ताजा रंग सोडून वापरलेला काढून टाकणारी यंत्रं महाग पडतात. त्यांच्यात हा प्रश्न मुळातून सुटतो.

उरलं ते धुणं. पूर्वी काच क्रोमिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवत. षट्संयुजी क्रोमियमचं विष लक्षात आल्यावर अनेक प्रयोगशाळांनी ते सोडलं. आता फॉस्फेट नसलेला सौम्य साबण, हट्टी डागाला आम्लयुक्त अल्कोहोल, मग भरपूर नळाचं पाणी आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाणी. खाचांच्या तळाशी गाळ साचतो. तिथं बाटलीचा ब्रश पोचत नाही, लाकडी काडीला कापूस गुंडाळून एकेक खाच पुसावी लागते. साबणाचा अंश राहिला तर बफरचा सामू सरकतो आणि रक्ताच्या लेपात तांबड्या पेशी निळसर दिसायला लागतात. घासून बसवलेली काचेची झाकणं ज्या बरणीची त्याच बरणीला परत लावावीत, अदलाबदल झाली की फट राहते आणि मिथेनॉल उडतं. झाकणावर आणि बरणीवर काचेला कोरणाऱ्या पेननं एकच आकडा लिहिला की ती अदलाबदल होत नाही.